अंगठ्याएवढी जागा

आखजी जवळ आली की उंद्रीत आमच्या भिंतीपलीकडून थापीचा आवाज येऊ लागतो. थप, थप. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा थप. रुखमामावशी कऱ्यांना आकार देत बसलेली असते.

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी गावातली बरीच घरं आपल्या मेलेल्या माणसांना पाणी देतात. गड्याच्या नावाचं मडकं म्हणजे करा, बाईच्या नावाचं म्हणजे केळी. गव्हाच्या लहानशा ढिगावर ते बसवायचं, काठोकाठ पाणी भरायचं, वाळ्याच्या दोन काड्या सोडायच्या आणि तोंडावर आंबा ठेवायचा. संध्याकाळी दिवा लावताना आंबा उचलून बघायचं. पाणी खाली गेलेलं असलं की पितर पिऊन गेले.

आम्ही बौद्ध, आमच्या घरात करा भरत नाहीत. पण माझी आई तानाबाई आणि रुखमामावशी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गल्लीत आल्या. दोघींच्या चुली तेवढ्या वेगळ्या आहेत. त्यामुळे वर्षभरात गावातलं कोण कोण कमी झालं हे मला लहानपणापासून मावशीच्या अंगणात वाळणाऱ्या मडक्यांवरून कळत आलं.

"हा करा कोणाचा, मावशी?"

"पोस्टातल्या मास्तरचा. जरा मोठा घेतला. लय तहान होती त्याहिले, शुगर होती ना."

पाणी का उतरतं हे कुंभाराच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. भाजलेली माती पाझरते. वैशाखाच्या झळीत मडकं दिवसभरात तीनचार बोटं पाणी सहज बाहेर टाकतं, म्हणून तर ते गार राहतं. "पेते मडकं, अन् नाव पितराचं," असं मावशीचे सासरे म्हणायचे. आता त्यांच्याही नावाचा करा दरवर्षी भरला जातो आणि दरवर्षी तीन बोटं उतरतो.

सासऱ्यांचा करा आणि सासूची केळी. मावशीच्या देव्हाऱ्यासमोर आखजीला ही दोनच मडकी असायची. तिसरं तिनं नऊ वर्षांत केलं नव्हतं.

ते ज्यांच्या नावाचं झालं असतं ते तुळशीरामकाका, तिचे नवरे. उंच, जरा वाकून चालणारे, हाताचे पंजे सुपासारखे. बाकीचे कुंभार मडक्यांना गेरू फासत होते तेव्हा यांना राखेचं वेड लागलं. चंद्रपूरकडे कुठल्याशा शिबिरात आठ दिवस राहून आले ते पांढऱ्या मातीचं पोतं आणि एक गोष्ट घेऊन आले. झाडाची राख मडक्यावर वितळते आणि तिची काच होते. अंगणात त्यांनी उंच धुराड्याची भट्टी बांधली. मग दोन वर्षं नवराबायकोनं शिवारात जे जे उगवतं ते जाळून पाहिलं. तुरीची तुराटी, कपाशीची पऱ्हाटी, गव्हाचं काड, केळीचं सोपट, आघाडा, हरभऱ्याचं कुटार. एकात दुसरं मिसळू द्यायचं नाही. लोखंडी घमेल्यात जाळायचं, राख जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायची, तीन पाण्यांनी धुवायची. पहिलं पाणी बोटांना चावतं. ते फेकायचं नाही, मावशी त्यात गोधड्या धुवायची.

धुतलेल्या राखेत पांढरी माती आणि काचेचा चुरा घालायचा. काच कासाराकडच्या बांगड्यांची, पाट्यावर वाटून मैद्यासारखी केलेली. मावशी त्यांना फुटक्या बांगड्या म्हणत नाही. वाढवलेल्या बांगड्या म्हणते. तिच्या बोलण्यात बांगडी फुटत नाही, दिवा विझत नाही, कुंकू पुसत नाही. सगळं वाढतं.

हे पाण्यात कालवलं की दाट ताकासारखं होतं. एकदा भाजलेल्या मडक्यात ते ओतायचं, मडकं दोन्ही हातांत धरून गोल फिरवायचं आणि उरलेलं परत ओतून घ्यायचं. आत पातळ थर धरतो. लोक त्याला झिलई म्हणतात, मावशी साय म्हणते. दुसऱ्यांदा भाजलं की कोणाची साय कशी ते कळतं. तुराटीची हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखी हिरवट, पऱ्हाटीची मधासारखी, गव्हाच्या काडाची ताकाच्या निवळीसारखी. शेताच्या ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती तूर उभी होती तो धुरा आता मोकळा असतो आणि तिचा रंग घरात फळीवर बसलेला असतो. राखेच्या डब्यांवरची नावं माझ्या अक्षरात आहेत. मी चौथीत होते. काका एकेक नाव सांगत गेले आणि मी खडूनं गिरवून मग ऑइलपेंटनं लिहीत गेले.

काकांचा एक हट्ट होता. साय लावून झाली की ओली असतानाच आत तळाशी अंगठा फिरवायचा आणि तेवढी जागा कोरी करायची.

"समदं बंद करू नको वं," ते मावशीला म्हणायचे. "आत पानी मरते. तेवढ्या जाग्यातून दम घेऊ दे त्याले."

"मंग तुम्हीच फिरवा ना अंगठा."

"माह्या पंजा आत गेला त मडकं घालूनच गावात फिरा लागन मले."

म्हणून अंगठा मावशीचा. काका सांगायचे आणि ती फिरवायची. मडकं आतून काचेसारखं गुळगुळीत आणि तळाला रुपयाएवढी खरखरीत जागा. तिथून पाणी इतकं हळू पाझरायचं की खाली ठेवलेल्या बशीला दिवसभरात नुसती ओल यायची. पण पाणी गार व्हायचं.

नऊ वर्षांपूर्वी वैशाखातच ती दोघं नागपूरला प्रदर्शनाला निघाली. चार पेट्या, प्रत्येक भांडं पोत्यात आणि कडब्यात गुंडाळलेलं. शेगाव स्टेशनात गाडीला उशीर होता. ऊन फलाटावर आडवं आलं होतं. काकांनी एका पेटीतून नवी सुरई काढली, कडबा झटकला. "पानी घेऊन येतो," म्हणाले आणि फलाटाच्या टोकाला नळ होता तिकडे चालू लागले.

मग गाडी आली. माणसं उतरली, चढली, बायका लेकरांना हाका मारत पळाल्या. गाडी सुटली. फलाट रिकामा झाला तेव्हा मावशी पेट्यांवर हात ठेवून उभी होती आणि नळापाशी कोणी नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. तक्रार, दवाखाने, फोटो, ओळखीच्यांची धावपळ. कोणी म्हणालं भक्तनिवासाच्या रांगेत दिसले, कोणी म्हणालं गाडीतच चढताना पाहिलं. मावशीनं मात्र त्या दिवशी आधी खापरं शोधली. रुळांमध्ये, नळाखाली, बाकांच्या मागे. माणूस पडला, चेंगरला, कुणी ढकलला, तरी हातातली सुरई कुठेतरी फुटायला हवी. सुरईचं खापर काही सापडलं नाही. तेवढ्यावर ती नऊ वर्षं राहिली.

ती ही हकिगत कोणालाही सांगते, पण एकाच ठिकाणी थांबते. "सुरई घेतली, अन् पानी घेऊन येतो म्हनले." एवढंच. पुढचा शब्द येत नाही. 'गेले' म्हटलं की त्याचे दोन अर्थ होतात आणि दुसरा अर्थ तिच्या उंबऱ्याच्या आत चालत नाही. हळूहळू सगळ्या घराला ते वळण लागलं. तिचा मुलगा उद्धव चिखलीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात आहे. तो रोज "येतो" म्हणून निघतो, तसे सगळेच म्हणतात. पण त्यांच्या घरात बस जात नाही, सुटते. पाहुणे जात नाहीत, निघतात. वीज गेली की सारा गाव ओरडतो, "लाईट गेली." त्या घरातून आवाज येतो, "लाईट नाई."

काकांचं चाक अंगणाच्या कोपऱ्यात पोत्याखाली आहे. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हे मावशी पाळते. पण दर अमावस्येला पोतं उचलून खुंट्याला तेल घालते, गंज चढू नये म्हणून. तिची स्वतःची भांडी मातीच्या वळ्या एकावर एक बसवून थापीनं केलेली असतात. आता ती भांडी लांबलांब जातात. पुण्याहून माणसं येतात, फोटो काढतात, राख हातात घेऊन बघतात. साय तीच आहे, डबे तेच, घमेलं तेच. अंगठा तेवढा तिनं बंद केला होता.

"आता कायले वाट ठेवू? कोनासाठी?" एकदा ती आईला म्हणाली होती. "समदं बंद. माह्या हातचं भांडं एक थेंब बाहेर टाकत नाई."

म्हणून यंदा मार्चमध्ये शैलजा मॅडमनी तिच्याकडून घेतलेली फुलदाणी परत पाठवली तेव्हा तिला राग आला. मॅडम चिखलीत आम्हाला मराठी शिकवायच्या. फुलदाणी त्यांनी माझ्याच हाती दिली. टेबलावर गोल ओला डाग पडतो, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडमनं पानी सांडलं असन," मावशी म्हणाली.

"रोज सांडते का त्या?" आई म्हणाली.

"तू गप वं. तुह्या घरचा माठ गळते, माह्या भांड्याले नाव ठेवू नको."

"माह्या माठ तूच देल्ला."

फुलदाणी तिनं फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यात पाणी घालूनही पाहिलं नाही.

आखजीच्या पंधरा दिवस आधी बेबीताई आली. काकांची धाकटी बहीण, सुलतानपूरला दिलेली. पिशवी खाली ठेवण्याआधीच ती रडू लागली.

"वैनी, दादा सपनात येते माह्या. रोज येते. नळाखाली सुरई धरून उभा राह्यते. नळाले पानी नाई."

मावशी माती मळत होती. हात थांबले नाहीत.

"काही बोलते का?"

"म्हनते, बेबे, समद्याइले पानी भेटलं. मले कोनी बलावलंच नाई."

 मग आई म्हणाली, "सपनातल्या नळाचं सोड, सुलतानपुरात जागेपनी तरी येते का नळाले पानी?"

बेबीताई रडता रडता हसली. "आठ दिवसाआड येते माय." मावशीही हसली. पण तिच्या हाताखालची माती इतकी मळली गेली होती की पुन्हा कोरडी माती घालावी लागली.

"माह्या सपनात काऊन नाई येत मंग?" तिनं विचारलं.

"तू झोपतं कुठं, वैनी?"

पुढचे दोन दिवस हेच चाललं. बेबीताईचं म्हणणं सरळ होतं. दादा पितरांत घेतला नाही म्हणून तो मधेच अडकला आहे, तहानेला आहे. एक करा भरायचा, नाव घ्यायचं. मावशीचं म्हणणंही सरळ होतं. जित्या माणसाच्या नावानं करा भरणं म्हणजे त्याला आपल्या हातानं मारणं. आई दोघींच्या मध्ये लसूण सोलत बसायची.

तिसऱ्या दिवशी उद्धव दुकानातून आला, हातपाय धुतले आणि पायरीवर बसला. बत्तीस वर्षांचा आहे तो. फारसा बोलत नाही.

"माय, करून टाक करा."

"तुले बाप मेलेला पायजे?"

"मले काही तरी एक पायजे," तो म्हणाला. "रस्त्यानं कोनी वाकून चालनारा दिसला का मी गाडी थांबवतो. उतरतो, मागं फिरतो, त्याचं तोंड पायतो. मंग सॉरी म्हनतो अन् येतो. परवा मेहकर फाट्यावर थांबलो. थो मानूस माह्याहून लहान होता, माय."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

"करते," ती शेवटी म्हणाली. "पन माही एक अट हाय. आखजीले दिवा लावाच्या टायमाले सगळ्याइच्या समोर पाहाचं. पानी उतरलं त उद्धव बापाच्या नावानं घास टाकीन, अन् दरसाल करा होईन. नाई उतरलं त थे प्यायले आले नाई, म्हंजे जित्ते हायेत. मंग पुन्हा या घरात कोनी त्याहिले पितरात घ्याचं नाव काढाचं नाई. अन् बेबीताई, तूही सपन सपनातच ठेवाचं."

"कबूल," बेबीताई लगेच म्हणाली. कऱ्यातलं पाणी उतरलं नाही असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

आईनं लसणाची पाकळी हातातच धरली होती. ती मावशीकडे एकटक बघत होती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं करा घडवला. दोन दिवस सावलीत वाळवला, भाजला. मग फळीच्या अगदी वरच्या कप्प्यातून एक डबा काढला. त्यावर माझ्या अक्षरात 'तुराटी' लिहिलं होतं, रंगाचा एक ओघळ खाली आलेला. तशा तुराटीच्या राखेचे तिच्याकडे आणखी तीन डबे होते. पण हा काकांनी त्या शेवटच्या वर्षी स्वतः जाळून, चाळून, धुवून ठेवलेला. नऊ वर्षं त्याचं झाकण उघडलं नव्हतं. आतली राख घट्ट बसली होती. तिनं चमच्याच्या टोकानं ती मोकळी केली.

"कऱ्याले साय?" आई म्हणाली. "कोनी लावते का कऱ्याले?"

"आतून लावते. बाहेरून गेरूच राहीन. कोनाले दिसनार नाई."

"रुखमे."

"पानी जागचं हालनार नाई, तानाबाई. मंग बेबीताई गप होईन. उद्धवही थांबन."

"थो थांबन का? गाडी अजून थांबवत राहीन थो."

मावशी मडक्यात साय ओतत होती. मी तिथंच उभी होते. तिनं करा दोन्ही हातांत धरला, छातीशी घेऊन गोल फिरवला, उरलेली साय परत ओतली. मग उन्हाकडे पाठ करून बराच वेळ त्यावर वाकून राहिली, हात आत घालून. मला वाटलं, कुठे साय कमी लागली का ते चाचपते आहे.

भट्टीतून करा निघाला तेव्हा बाहेरून तो बाकीच्या दोन मडक्यांसारखाच लाल होता. आत बघितलं तर हिरवट काळोख. तळ दिसत नव्हता.

आखजीच्या दिवशी सकाळी नऊलाच झळ लागत होती. देव्हाऱ्यासमोर तीन जागी गहू पसरले, तीन मडकी बसवली. उद्धवनं हंड्यातलं पाणी भरलं. सासऱ्यांच्या कऱ्यावर आंबा, सासूच्या केळीवर आंबा. तिसरा आंबा मावशीनं स्वतः ठेवला. नाव कोणी घेतलं नाही, ते संध्याकाळवर राहिलं होतं.

दुपारपर्यंत पहिली दोन मडकी अंगभर ओली झाली. गेरू गडद दिसू लागला, खालचे गहू फुगले. तिसरा करा कोरडा, नुकताच भट्टीतून काढल्यासारखा. बेबीताई दर थोड्या वेळानं येऊन बघायची आणि स्वयंपाकघरात परत जायची. एकदा तिनं त्याच्या पोटावर हात फिरवला.

"याले घामच नाई आला, वैनी."

"नसन तहान," मावशी म्हणाली.

तिचा आवाज मोकळा होता. त्या दिवशी तिनं पुरण वाटलं, कुरडया तळल्या, आईला आमरसाचं पातेलं जबरदस्तीनं दिलं. तिला एवढं बोलताना मी खूप वर्षांनी ऐकलं. पण मधेच ती दारात यायची आणि त्या कोरड्या मडक्याकडे बघायची, स्टेशनावर गाडीच्या दिशेनं बघावं तशी.

उन्हं उतरली. उद्धवनं शर्ट बदलला. आई आमच्या दारातून त्यांच्या दारात येऊन बसली. मावशीनं दिवा लावला आणि बेबीताईनं सासऱ्यांच्या कऱ्यावरचा आंबा उचलला. तीन बोटं. केळीचं पाणी चार बोटं उतरलेलं.

तिसरा आंबा कोणी उचलायचा यावर क्षणभर सगळे थांबले. मग मावशीनंच तो उचलला.

पाणी काठाशी नव्हतं. दोन बोटं खाली होतं. काठाखाली हिरव्या सायीवर ओलीची रेघ स्पष्ट दिसत होती, सकाळी पाणी कुठवर होतं ती.

बेबीताईच्या तोंडून हुंदका फुटला. "पेला. पेला माह्या दादा." ती भिंतीला टेकून खाली बसली.

मावशीनं करा उचलला. तो बाहेरून अजूनही कोरडाच होता. पण खालच्या गव्हात मधोमध एक जागा काळसर झाली होती. रुपयाएवढी. तिथले दाणे एकमेकांना चिकटून त्यांची छोटी वडी झाली होती, बाकीचा सगळा गहू कोरडा. मावशीनं ती वडी बोटानं उचलली, फोडली, पुन्हा खाली ठेवली. मग करा मांडीत घेतला आणि हात पाण्यात घातला.

मनगटापर्यंत हात आत गेला. बांगड्या काठावर अडल्या. पाणी बाहेर सांडलं, तिच्या लुगड्यावर. तिचा हात आत तळाशी फिरत होता, हे खांद्यावरून कळत होतं. मग तो थांबला.

 मला तिचा चेहरा दिसत होता. ती घाबरली नव्हती. कुणीतरी आपल्याला ओळखीच्या आवाजात हाक मारली आणि तो आवाज आपलाच निघाला, असं काहीसं त्या चेहऱ्यावर होतं.

"समता," ती मला म्हणाली, "मॅडमची फुलदानी आन."

मी फळीवरून फुलदाणी आणली. करा बाजूला ठेवून तिनं त्याच ओल्या हातानं फुलदाणीच्या तळाशी चाचपलं. मग म्हणाली, "थो मधाच्या रंगाचा बुधला दे." मी बुधला दिला. "थे बरनी." बरणी दिली. फळीवर अरुंद तोंडाची जेवढी भांडी विकायची राहिली होती तेवढी मी एकेक करून दिली. प्रत्येकात तिनं हात घातला, अंगठा तळाला टेकवला आणि भांडं खाली ठेवलं. अकरा भांडी झाली.

"माय, काय पाहून राह्यली?" उद्धव म्हणाला.

तिनं उत्तर दिलं ते आईला. "समद्याइत हाय, तानाबाई. अंगठा फिरवलेला हाय. मी त बंद केलतं."

आई दारातून उठून तिच्याजवळ आली. "तुह्याच हातानं झालं असन. हाताले सवय राह्यते."

"नऊ वर्षं?"

 मावशी आपल्या अंगठ्याकडे बघत होती. चिकणमाती आणि राखेच्या पाण्यानं त्याच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या आहेत. आधार कार्डाच्या वेळी मशीननं तिचा अंगठा घेतलाच नव्हता, तेव्हा आई आणि ती खूप हसल्या होत्या.

"मले वाटलं मी त्याहिची वाट बुजवून बसली," ती म्हणाली. "हा मात्र रोज ठेवत राह्यला वाट. माह्याच हात, अन् मले सांगतलं नाई."

बाहेर अंगणात पोत्याखालचं चाक संधिप्रकाशात एखाद्या बसलेल्या माणसासारखं दिसत होतं. नेहमीच तसं दिसतं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

बेबीताई डोळे पुसत पुढं आली. तिची नजर मावशीच्या हातांवर गेली, हिरव्या बांगड्यांवर. ती काही म्हणणार एवढ्यात मावशीनं हात पदराखाली घेतला.

"याहिचं नको काढू. पान्याची अट होती, बांगड्याची नाई."

"नाई काढत, वैनी."

मग मावशीनं करा पुन्हा गव्हावर बसवला आणि हंड्यातून पाणी घालून तो काठोकाठ भरला. आंबा ठेवला. उद्धवला जवळ बसवलं. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणपोळीचा तुकडा त्याच्या हातात दिला.

"काय म्हनू?" त्यानं विचारलं. 

"बाबाचं नाव घे. पूर्न घे. म्हन, या अन् प्या."

त्यानं नाव घेतलं. त्या घरात ते नाव मी नऊ वर्षांत असं मोठ्यानं ऐकलं नव्हतं. घास निखाऱ्यावर चरचरला, धूर सरळ वर गेला आणि छपराला अडून पसरला.

बेबीताईनं विचारलं, बहुधा तिला पुन्हा ऐकायचं होतं म्हणून, "वैनी, काय म्हनले होते दादा त्या दिवशी? शेवटचं?"

मावशी निखाऱ्याकडे बघत होती.

"सुरई घेतली. कडबा झटकला. पानी घेऊन येतो म्हनले," ती म्हणाली. थांबली. नेहमी इथंच थांबायची. "अन् गेले."

उद्धवनं डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून बसला.

दोन दिवसांनी मला चिखलीला जायचं होतं. मावशीनं फुलदाणी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"मॅडमले सांग, थे गळत नाई, पाझरते. खाली बशी ठेवा म्हना."